नाव ठेवायचं अजून राहिलंय

झालं असं की किडा आधी आमच्या गणपतीच्या खोलीत आला आणि तो कोण कुठला याची चौकशी नंतर सुरू झाली, त्यामुळं 'आम्हाला सापडला' असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. सापडायला आधी शोधत असावं लागतं, आणि आम्ही शोधत होतो माटोळीचं सामान. आमचं गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी सोडून कणकुंबीच्या अंगाला. इकडं गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, शेंगा, पानांचे घोस बांधायचे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आणि पुतण्या भिजत भिजत रान तुडवून आलो, भारा पडवीत आपटला, रात्री बसून सगळं बांधलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती अर्ध्यात आली असेल, माझ्या हातात झांज, आणि वरच्या घोसातलं दिंड्याचं एक पान चालायला लागलं.

पान म्हणजे पानच हो. हिरवं, वर शिरा, कडेला एक तपकिरी डाग, कुरतडल्यासारखा. फक्त त्याला सहा पाय होते आणि डोक्यावरून दोन केस निघालेले, इतके लांब की समईच्या उजेडात त्यांची टोकं कुठं संपतात तेच दिसेना. आई म्हणाली, नाकतोडा आलाय, असू दे, देवाच्या घरी आलाय. पण आमची भाची, जी बेंगळुरात किड्यांवर पीएचडी करते आणि त्यामुळं घरात कुणाचंच लग्नाविषयीचं बोलणं नीट ऐकून घेत नाही, तिनं टाळ्या वाजवायच्या सोडून मोबाईल काढला. आरती संपेपर्यंत तिचे चाळीस फोटो झाले होते. प्रसाद हातात घेऊन मला म्हणाली, "मामा, हा नाकतोडा नाही. आणि बहुतेक कोणीच नाही."

कोणीच नाही म्हणजे काय ते कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध म्हणजे ऑफ तासाला विज्ञानाच्या सरांच्या जागी वर्गावर जाऊन 'शांत बसा' म्हणणं, एवढाच. तरी शब्दांवरून माणूस अडतोच. आपल्या भाषेत हिरवं आणि उड्या मारणारं ते सगळं नाकतोडा, रात्री ओरडणारं ते सगळं रातकिडा, आणि पिकावर झुंडीनं आलं की टोळ. हा प्राणी ह्या कशातच नीट बसत नाही. इंग्रजीत त्याला बुश क्रिकेट म्हणतात नाहीतर कॅटिडिड. नाकतोड्याच्या मिशा आखूड, ह्याच्या अंगापेक्षा लांब. नाकतोडा दिवसा मागचा पाय पंखावर घासून आवाज करतो, हा बहुतेक रात्रीचा, आणि पंखावर पंख घासतो. बरं ते रातकिडाही करतो, पण रातकिड्याचा उजवा पंख वर असतो आणि ह्याचा डावा. म्हणजे घराणं डावखुरं. डाव्या पंखाच्या खालच्या अंगाला एक शीर असते, तिला करवतीसारखे दाते, उजव्या पंखाच्या कडेला घासणी, पंख मिटता उघडता दाते घासले जातात आणि गाणं होतं. कान डोक्याला नाहीत, पुढच्या पायांना आहेत, गुडघ्याच्या जरा खाली. हे मला सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, बरंय, पोरांचा कान पिळायचा म्हटला की पाय धरायला लागले असते. ती हसली नाही. शास्त्राच्या लोकांना आमचे विनोद उशिरा कळतात.

आणखी एक गंमत म्हणजे पेपरात बातमी येते 'नवी प्रजाती सापडली', आणि जुन्या क्रमिक पुस्तकांत प्रजाती म्हणजे वरची पायरी, जीनस, आणि स्पीशीज म्हणजे जाती. त्या हिशोबानं आम्हाला नवी जात सापडली होती. हे मी कट्ट्यावर एकदाच बोललो, त्यावर एकानं लगेच विचारलं, आरक्षणाचं काय? तेव्हापासून मी प्रजातीच म्हणतो, चुकीचं असलं तरी.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं किडा जाळीच्या डब्यात ठेवून डबा ओसरीवर टांगला आणि आम्ही सगळे पत्ते खेळत बसलो. साडेदहाच्या सुमाराला ती एकदम म्हणाली, "मामा, ऐक. ओरडतोय." मी कान दिला. पावसाची झड, कौलांवरून पडणारं पाणी, मागं बेडकांचा गोंधळ. म्हटलं, कोण ओरडतोय? "अरे हाच. टिक टिक टिक, थांबतोय, परत टिक टिक. अगदी बारीक." पुतण्याला ऐकू आलं. त्याच्या सात वर्षांच्या पोरीला तर इतकं स्पष्ट आलं की ती नक्कल करायला लागली. मला नाही, बायकोला नाही, आईचा तर प्रश्नच नाही. मी टॉर्च घेऊन डब्याशी नाक लावून बसलो. पंख थरथरताना दिसले, अगदी गार वाऱ्यात अंगावर शहारा यावा तसे, थांबले, परत थरथरले. आवाज शून्य. टीव्हीचा आवाज बंद करून कुणाचं तरी भाषण बघावं तसं.

वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. तरण्या माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आमच्यासारख्यांचं वरचं टोक गळत जातं आणि आपल्याला कळतही नाही, कारण जे ऐकू येत नाही ते गेलं हे कळणार कसं? ह्या कुटुंबातले कित्येक तर कुठल्याच माणसाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या पट्टीत गातात. त्यांच्यासाठी वेगळी यंत्रं असतात, वटवाघळांचा आवाज पकडणारी, ती आवाज खाली उतरवून ऐकवतात. मला ऐकू येतो तो फणसावरचा. आमच्या परसातल्या फणसावर पावसाळ्यात रात्री एक घंटी वाजल्यासारखा आवाज येतो, लहानपणापासून ऐकतोय, मी त्याला रातकिडाच समजत होतो. भाची म्हणाली, तो पण ह्यांच्यातलाच असणार, ओनोमार्कस युनिनोटॅटस, फणसाच्या जातीच्या झाडांवर राहतो आणि आपल्या कुटुंबाच्या मानानं फारच खालच्या पट्टीत, तीन हजार दोनशे हर्ट्झच्या आसपास गातो. म्हणजे घरातला खर्ज. माझे कान त्याच्यापुरते शिल्लक आहेत.

नुसत्या दिसण्यावरून नवं-जुनं ठरत नाही, हे समजावताना तिनं मला दिलेलं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. मेकोपोडा इलाँगाटा नावाचा एक ह्यांचाच भाऊबंद आहे, दक्षिण भारतात भरपूर. बेंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, रोहिणी बालकृष्णन आणि विवेक नित्यानंद यांनी त्याच्यावर काम केलं, २००६ साली प्रसिद्ध झालं. दिसायला सगळे एक, हातात घेऊन फरक सांगता येत नाही, पण गाणी पाच वेगवेगळी. त्या गाण्यांना नावंही दिलीत, एक हेलिकॉप्टर, एक ट्रेन, असं. मी म्हटलं हे तर आपल्या शनिवारच्या बाजारासारखं झालं. मिरच्यांच्या पाटीमागं चार बायका बसलेल्या असतात, लुगडं तेच, कुंकू तेवढंच, तोंड उघडलं की कळतं ही निपाणीची, ही चंदगडकडची. 'काय करूलास' म्हणाली की आपली. भाची म्हणाली, मामा हे तू लिही. म्हणून लिहिलं.

तर पहिला नर ती बेंगळुराला घेऊन गेली, आणि जाताना माझ्या गळ्यात काम अडकवून गेली. अजून नमुने पाहिजेत. एकावर काही सिद्ध होत नाही, तो एखादा चुकारही असू शकतो. मला एक जाळी, चार डब्या, एक वही, आणि ताकीद, की अभयारण्यात पाऊल टाकायचं नाही, त्याला परवाना लागतो, फक्त आपल्या मालकीच्या रानात. भीमगड आमच्यापासून काही फार लांब नाही. पण दिंडा आपल्या बांधावर पण आहेच की. पावसाळ्यात पुरुषभर वाढतो, काजूच्या खालून, पाटाच्या कडेनं. मी रात्री जेवून टॉर्च घेऊन जायला लागलो. गावात आधी बातमी पसरली की मास्तर रिटायर झाल्यावर रात्रीचे खेकडे धरूलेत. मग कुणीतरी म्हणालं, गुप्तधन.

नवव्या का दहाव्या रात्री मिळाला. नर, पूर्ण वाढलेला, डावा पंख वर. मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत डबी छातीशी धरून होतो. उत्साहात डबी फडताळात ठेवली, झाकण अर्धवट, त्याला हवा मिळावी म्हणून, आणि झोपलो.

सकाळी डबीत मुंग्या होत्या.

तांबड्या, बारक्या, ओळीनं, अगदी शिस्तीत. पोट साफ, डोकं साफ, पाय पण नेलेले. पंख तेवढे राहिले होते, चार, कागदासारखे. एकतीस वर्षांत मी नापास पोरांच्या आईबापांना तोंड दिलंय, पण त्या दिवशी भाचीला फोन करताना जे वाटलं ते वेगळंच. ती मिनिटभर गप्प राहिली. मग म्हणाली, "डावा पुढचा पंख अख्खा आहे का? उलटा करून बघ, मुळाशी जाड शीर दिसते का?" दिसत होती. "मग रडू नको. गाणं शिल्लक आहे." पंख पाकिटात घालून पोस्टानं पाठवले. आजपर्यंत मी पाठवलेलं सगळ्यात हलकं टपाल.

पुढचे नमुने मुंग्यांनी नाही, आम्हीच मारले, आणि हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगायला पाहिजे. नवी प्रजाती लिहायची तर एक देह लागतो. त्याला होलोटाईप म्हणतात, म्हणजे ह्या नावाचा मूळ पुरुष. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो ह्या एका देहापाशी येऊन बघणार. फोटोवर भागवावं का, यावर त्या लोकांत वाद आहेत, पण भाचीच्या मते किड्यांच्या बाबतीत देह हवाच. मारायचं कसं, तर फ्रीझरमध्ये. आमच्या फ्रीजात खोवलेल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी एक डबी, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'उघडू नये'. गार पडत गेला की तो हळूहळू हलायचा बंद होतो. मी मध्ये एकदा उघडून बघितलं. मिशा दोन्ही मागं वळवून पाठीवर टेकलेल्या होत्या, अजून एक हलत होती. झाकण लावलं. आईनं विचारलं, काय ठेवलायस? म्हटलं, औषध. गणपतीत घरी आलेल्याला फ्रीझरात घातलं हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीत भाची लॅपटॉप आणि मायक्रोस्कोपमधले फोटो घेऊन आली. पंखाखालच्या त्या शिरेचा फोटो पडद्यावर मोठा केला तर कंगवा. मधले दाते रुंद, कडेला बारीक होत गेलेले. हे मोजायचे होते. तिनं मोजले होते, पण दुसऱ्या कुणीतरी न विचारता मोजायला हवेत. मी चष्मा पुसून बसलो. तीनदा मोजले, तीन उत्तरं आली, कारण टोकाचा दाता दाता धरायचा की नुसता उंचवटा, यावर माझं मला ठरेना. ती म्हणाली हे सगळ्यांचंच होतं, म्हणून कुठून कुठपर्यंत मोजलं ते पण लिहितात. आकडा सांगत नाही. पेपर, म्हणजे तिचा शोधनिबंध, छापून येऊ दे.

मग आलं वर्णन. तिनं वाचायला दिलेलं इंग्रजीत होतं, तरी मी शिक्षक, लाल पेन हातात. पहिल्याच ओळीला अडखळलो. क्रियापद कुठाय? दुसऱ्या ओळीत पण नाही. पानभर क्रियापद नाही! मराठीत सांगायचं तर साधारण असं: डोकं गुळगुळीत, डोळे गोल, उठावदार. पाठीची ढाल वरून सपाट, मागची कड गोलाई धरून. पुढच्या नडग्यांवर कानाचे पडदे दोन्ही अंगांना उघडे. मागच्या मांडीखाली काटे, बाहेरच्या बाजूला जास्त. नराच्या शेपटाकडच्या दोन आकड्या आत वळलेल्या, टोक काळं.

"असतं नाही, आहे नाही, दिसतं नाही. हे वर्णन आहे का किराणा मालाची यादी?"

"मामा, वर्णनात मी नसते. माझं मत नको. नुसता तो."

एकतीस वर्षं मी पोरांना 'माझा आवडता प्राणी', 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला लावलं आणि 'निसर्गाने हिरवा शालू पांघरला होता' ह्या वाक्याला अर्धा मार्क जास्त दिला. किती वह्यांत किती शालू! आणि ही पोरगी एका किड्याच्या शेपटाच्या आकडीवर सात ओळी लिहिते, एकही विशेषण शोभेचं नाही. त्या आकडीनं नर मादीला धरतो आणि जवळच्या भावकीतसुद्धा तिचा आकार वेगवेगळा असतो, म्हणून सगळ्यांची नजर तिथं. बघताना मला आंबे काढायची आमची आकडी आठवली, हुबेहूब तोच बाक. ती म्हणाली, उपमा चालते, पण जगात सगळ्यांना माहीत असलेली हवी. आता आंबे काढायची आकडी जगात सगळ्यांना माहीत नाही, हा काय आमचा दोष?

एका जागी मात्र माझी गरज पडली. मेलेल्या किड्याचा हिरवा रंग टिकत नाही, पिवळट होतो, मग गवताच्या काडीसारखा. म्हणून जिवंतपणीचा रंग लिहून ठेवायचा असतो. ती इंग्रजीत 'ग्रीन' लिहून बसली होती. मी म्हटलं, ग्रीन म्हणजे कुठला? पोपटी? शेवाळी? मेंदीचा? त्या रात्री टॉर्चखाली मी जो बघितला तो पंखाला भाताच्या तरव्याचा हिरवा होता, लावणीच्या आदल्या आठवड्यातला, आणि पोटाकडं कच्च्या केळीचा. वहीत तेच लिहून ठेवलं होतं. तिनं रंगांच्या कार्डाशी लावून नंबर काढला. नंबर बरोबरच असेल.

वर्णनानंतर येतं डायग्नोसिस. दवाखान्यातलं नव्हे, ह्याचा अर्थ इतकाच की सगळ्यात जवळच्या भावकीपासून हा कशानं वेगळा. सगळं भांडण इथं. जवळचा कोण हे ठरवायला जुने नमुने बघावे लागतात, आणि ते जुने नमुने कुठं आहेत, तर व्हिएन्नात, लंडनात. ब्रुनर फॉन वाटेनविल नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी १८७८ साली ह्याच पानासारख्या पंखांच्या किड्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, युरोपात बसून, जगभरातून आलेल्या पेट्या उघडून. तेव्हाच्या कित्येक नमुन्यांवर गावाच्या जागी नुसतं 'इंडिया'. आता इंडियात तू शोधत बस. आता पुष्कळांचे फोटो ऑनलाईन बघायला मिळतात म्हणून बरं. तरी एकेका फोटोसाठी मेल, मेलाला उत्तर महिन्यानं. २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी हिशोब काढला होता, की नमुना हातात पडल्यापासून त्याचं वर्णन छापून यायला सरासरी २१ वर्षं जातात. हे ऐकून मी माझं वय अधिक एकवीस करून बघितलं आणि विषय बदलला.

आता नाव. इथं मात्र मी कंबर कसून उतरलो, कारण व्याकरण आलं. प्राण्याचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं, हे लिनिअसच्या १७५८ च्या पुस्तकापासून चालू आहे, आणि त्याला लॅटिनचे नियम. एखाद्या पुरुषाच्या नावानं ठेवायचं तर शेवटी आय, बाईच्या नावानं तर ए-ई. मी म्हटलं ही तर षष्ठी! चा-ची-चे! आणि गावावरून ठेवायचं तर शेवटी 'एन्सिस'. म्हणजे आपला 'कर'. गोवाएन्सिस म्हणजे गोवेकर. हे कळल्यावर मला ती सगळी परकी नावं एकदम भावकीतली वाटायला लागली. चोर्ल्याला सापडलेला एक देवगांडूळ आहे, बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा पण बेडकांच्या गोतावळ्यातला, २००७ साली त्याला नाव मिळालं गेगेनिओफिस म्हादेईएन्सिस. घ्या, म्हादईकर! नदीच्या पाण्यावरून दोन राज्यं कोर्टात, आणि हा मातीत बसून आडनाव लावून मोकळा.

आणि षष्ठीचं उदाहरण तर आमच्याच तालुक्यात. तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत, तिथं एक वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं, १९१३ साली लंडनच्या म्युझियममधल्या ओल्डफिल्ड थॉमसनी त्याचं वर्णन केलं आणि रॉटन नावाच्या साहेबाचं नाव दिलं, जे पूर्वी मुंबई इलाख्यात जंगलखात्यात अधिकारी होते. ओटोमॉप्स रॉटनाय. रॉटनचं वटवाघूळ. कित्येक दशकं जगात ते फक्त ह्या एका गुहेतून माहीत होतं, फार नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. गुहा तळेवाडीची, वटवाघूळ गुहेचं, आणि मालकी रॉटनची. मी तिथल्या माणसांशी बोललोय, रॉटन कोण ते कुणाला माहीत नाही, आणि रॉटनला बारापेडे कुठं नीट म्हणता येत असेल.

मग आमच्याचं काय ठेवायचं? मी म्हटलं, सरळ बेळगावकर. भाची हसली. "स्पेलिंग?"

इथं तुम्ही बेळगावचे असाल तर पुढचं मला सांगायला नको. १९५६ च्या एक नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. दुकानाच्या पाट्यांवरून, बसवरच्या अक्षरांवरून, पोरांच्या दाखल्यावरून इकडं काय काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि शास्त्रीय नावाचा नियम असा की एकदा छापलं की मूळ स्पेलिंग कायम. पुढं शहराचं नाव बदलो, राज्य बदलो, नाव बदलत नाही. म्हणजे बघा, ज्या भांडणात दोन पिढ्या गेल्या ते एका किड्याच्या पाठीवर कायमचं मिटवायची संधी माझ्या भाचीच्या हातात! मी तिला हे अगदी गंभीरपणे सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच नको. आणि खानापूरकर? तर खानापूर तालुका सांगली जिल्ह्यात पण आहे, उद्या विट्याचे लोक सत्कार करतील.

लेबलवर पण वाजलं. नमुन्याच्या टाचणीला नखाएवढं लेबल टोचतात, देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, धरणाऱ्याचं नाव. तिनं 'बेळगावी' टाईप केलं. मी म्हटलं, बेळगाव लिही. ती म्हणाली, सरकारी कागदावर जे आहे तेच लिहायला लागतं, आणि मामा, धरणारा म्हणून तुझं नाव आहे ना खाली, मग? मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली.

आमचे एक जुने सहकारी आहेत, शेजारच्या कन्नड शाळेतले, आता ते पण रिटायर. संध्याकाळी चहाला येतात. त्यांच्यापुढं सगळं मांडलं. त्यांनी किड्याचा फोटो बघितला, म्हणाले, आमच्यात ह्याला मिडते म्हणतात. मी विचारलं, मिडते म्हणजे नाकतोडाच ना? म्हणाले, हो, सगळ्यांना मिडतेच. म्हणजे त्यांच्याकडंही शब्द एकच आणि तोही चुकीचा. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की गावाचं नाव द्यावं, जिल्ह्याचं नको. लगेच पुढचा पेच, गावाचं नाव कन्नडात शेवटी एका स्वरानं संपतं, मराठीत दुसऱ्या. चहा दुसऱ्यांदा ठेवायला लागला. भाची फोनवर ऐकत होती. तिनं शेवटी काय ठरवलं ते मला माहीत आहे, पण सांगता येत नाही. पेपर यायच्या आधी नाव असं कुठं वर्णनाशिवाय फिरलं तर त्याला नोमेन नुडम म्हणतात, उघडं-नागडं नाव, त्याला किंमत नसते आणि पुढं घोळ होतो. गावाचं नावही त्यामुळंच सांगत नाहीये. एवढं सांगतो की रॉटनसारखं कुणा साहेबाचं नाही, आणि माझंही नाही, मी खोटं कशाला बोलू, सुचवून बघितलं होतं.

नमुने आता देशातच राहणार, जैवविविधता कायदा २००२ चा, नव्या प्रजातीचे नमुने सरकारनं नेमलेल्या संग्रहात जमा करावे लागतात. म्हणजे फ्रीझरमधला आमचा पाहुणा झूलॉजिकल सर्व्हेच्या कपाटात जाईल. मुंग्या नसतील तिथं, अशी आशा आहे.

पेपर पाठवला. तपासणाऱ्यांकडून परत आला, बाकी सगळं ठीक, एकाच ओळीवर बोट. वर्णनाच्या शेवटी लिहिलं होतं, 'मादी: अज्ञात.' बायकोनं हे ऐकलं आणि म्हणाली, नवीन काय त्यात. रिव्ह्यूअरचं म्हणणं, शक्य असेल तर मादी शोधा. आमचे सगळे नरच मिळाले होते, कारण नर गातो, पंख हलवतो, दिसतो. मादी बहुधा गप्प. ह्या पोटकुळात कित्येक माद्या नराच्या गाण्याला उत्तर देतात, पण एकच बारीक टिक, तीही ठराविक वेळातच, मग परत शांत. मला नराचा फड ऐकू येत नाही, तिथं मादीची टिक काय येणार?

भाचीनं वटवाघळांचं ते यंत्र मला पाठवून दिलं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, मोबाईलला लावायचं. ह्या गणपतीत, पाच दिवसांचा देव पोचवून आल्यावर, मी आणि पुतण्याची ती पोरगी, आता नऊ वर्षांची, दोघं बांधावर गेलो. तिला यंत्र लागत नाही. मी एक कान इअरफोनमध्ये घालून उभा. पाऊस उघडलेला, दिंड्याची पानं निथळत होती. आधी नर बोलला, यंत्रातून तो आवाज बोटानं टेबल ठोकल्यासारखा येतो. थांबला. परत बोलला. पोरगी माझा हात ओढून म्हणाली, "आज्जा, तिकडनं पण कोणतरी बोलूलंय." मी टॉर्च फिरवला. तीन हातांवर, पानाच्या खालच्या अंगाला, अंगानं थोडी जाड, आणि मागं पात्यासारखं अंडं घालायचं अवजार, कोयत्यासारखं वर वळलेलं. लोक ते नांगी समजून घाबरतात. त्यानं झाडाच्या सालीत, पानाच्या कडेत खाच पाडून ती अंडी घालते.

घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ह्या वेळी मी परातीत पाणी घेतलं, मधोमध वाटी पालथी घातली आणि वाटीवर डबी ठेवली. बायको लाईट लावून आली, परातीकडं बघितलं.

"मुंग्या लागतील म्हणून कुंदा ठेवलासा काय?"

"व्हय," म्हटलं, "सकाळी उघडू नको."